शेंगा चटणी, कडक भाकरी आणि कुरिअरचा खर्च : तुम्ही कसं बसवता गणित?

ज्वारीची_भाकर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघी जावा मिळून जुळे सोलापुरातनं शेंगा चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी आणि कडक भाकरी विकतो, ऑर्डरी इन्स्टावर आणि व्हॉट्सअॅपवर येतात. गावातलं गिऱ्हाईक चांगलं आहे, घरी येऊन घेऊन जातंय, त्याची काही तक्रार नाही. अडचण बाहेरगावच्या ऑर्डरींची आहे. पाव किलो शेंगा चटणी १३० ला देतो आणि ती मुंबईला पाठवायची म्हटलं की काउंटरवर ९०-१०० रुपये मागतात. गिऱ्हाईक फोटो बघून खूश असतं, भाव पटलेला असतो, पण शिपिंगचा आकडा कळवला की "सांगते ताई" म्हणून गप्प होतंय ते कायमचंच.

भाकरीचं तर याहून अवघड. पंधरा-सोळा भाकरींचं पुडकं किलोच्या आत बसतं, आमच्या काट्यावर मोजून दिलेलं असतं, तरी बिल अडीच किलोचं येतंय. विचारलं तर म्हणतात मशीनने मोजलंय. शिपिंग वेगळं लावावं, का किमतीतच धरून "फ्री डिलिव्हरी" लिहावं, का मिनिमम ऑर्डर ठेवावी? सगळेजण कुरिअर बदला म्हणायलेत, पण कुणाचा बदलून फरक पडलाय का खरंच? जे हा धंदा करतायत त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

पाचप्लाय

ताई, आधी भाकरीचं सांगतो कारण ते मशीन खोटं बोलत नाहीये. कुरिअरवाले दोन वजनं काढतात, एक काट्यावरचं आणि एक खोक्याच्या आकाराचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. भागाकाराचा आकडा काही कंपन्यांचा वेगळा असतो, तो रेटकार्डवर लिहिलेला असतो, पण ५००० सगळ्यात जास्त चालतो. वर अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात, टप्प्याच्या दहा ग्रॅम वर गेलं की पुढच्या टप्प्याचे पैसे.

आता तुमचा खोका काय मापाचा असेल ते अंदाजाने धरतो. २६ बाय २६, उंची १५. गुणाकार १०,१४०, भागिले ५००० म्हणजे २.०३ किलो. दोन किलोच्या तीस ग्रॅम वर, म्हणून अडीच किलोचा टप्पा. बघा आता, याच भाकरी २४ बाय २४ बाय १२ च्या खोक्यात घट्ट बसवल्या तर ६,९१२ भागिले ५०००, म्हणजे १.३८ किलो, बिल दीड किलोचं. माल तोच, कुरिअर तोच, एक किलोचं भाडं वाचलं. तुम्ही फोनवर घासाघीस करून कुठलाही कुरिअरवाला एवढी सूट देणार नाही.

आणि खोका घट्ट असला की भाकरी कमी फुटतात हे वेगळंच. भाकरी फुटते ती दाबाने कमी आणि आत हलल्याने जास्त. थर रचल्यावर वर-खाली पुठ्ठ्याची गोल चकती टाका, मधे मोकळी जागा राहिली तर कागद कोंबून भरा. हलवून बघा, आवाज आला की परत उघडा.

लसूणतिखट

पाचप्लाय यांना +१. चटणीला पण हाच टप्प्याचा नियम लावा. मी शेंगा चटणी आणि येसर करते, माझा सगळा माल ठरतोय तो अर्ध्या किलोच्या रेघेवर.

पाव किलोची दोन पाकिटं म्हणजे ५०० ग्रॅम माल, त्यात पाऊच, खोका, टेप, लेबल मिळून ७०-८० ग्रॅम, झालं ५८० आणि लागलं एक किलोचं बिल. ४२० ग्रॅमचं भाडं आपण हवेचं भरलं. म्हणून मी पाव किलोचं पाकीट फक्त दुकानात आणि घरी विकते, बाहेरगावासाठी २०० ग्रॅमचं पाकीट. दोन पाकिटं ४०० आणि पॅकिंग ८०, एकूण ४८०, अर्ध्या किलोत बसलं. चार पाकिटं ८०० आणि पॅकिंग सव्वाशे, किलोच्या आत बसलं. तीन पाकिटांची ऑर्डर मात्र आपल्याला परवडत नाही, कुणी तीन मागितली की मी लगेच सांगते चौथं घ्या, तेवढ्याच शिपिंगमध्ये येतंय. बहुतेक लोक घेतात.

समजा अर्ध्या किलोला ६० आणि एक किलोला १०० असा तुमचा रेट आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७१ आणि ११८. ४०० ग्रॅम चटणी ७१ मध्ये गेली तर शंभर ग्रॅममागं पावणेअठरा रुपये, ५०० ग्रॅम ११८ मध्ये गेली तर साडेतेवीस, आणि ८०० ग्रॅम ११८ मध्ये गेली तर पावणेपंधरा. हा तक्ता ज्याने त्याने आपापल्या रेटने एकदा वहीत मांडून भिंतीला लावावा.

आणि काचेची बरणी बाहेरगावासाठी बंद करा. दिसायला छान असते मान्य, पण रिकामी बरणीच दीड-दोनशे ग्रॅमची, तिचं भाडं, तिचा बबल रॅप, आणि फुटली तर सगळंच गेलं.

ज्वारीची_भाकर

बापरे, आत्ता जाऊबाईंनी टेप आणून खोका मोजला. २६.५ x २६ x १५!! पाचप्लाय भाऊ तुम्ही बघितल्यासारखंच सांगितलंत. आमच्या भाकरी २३ सेंटीमीटरच्या भरतात, म्हणजे २४ चा खोका चालेल. पण मग भाकरी आणि चटणी एकत्र मागितली तर? तशा ऑर्डरी बऱ्याच येतात, त्यांना आम्ही दोन वेगळे खोके करतो, कारण चटणीचं तेल भाकरीला लागायची भीती वाटते.

पाचप्लाय

अहो ताई, तीच तर तुमची सगळ्यात फायद्याची ऑर्डर आहे! २४ च्या खोक्याचं बिल दीड किलोचं येणारच आहे, आत भाकरी फक्त साडेआठशे ग्रॅम. म्हणजे पाचशे-सहाशे ग्रॅमचं भाडं तुम्ही आधीच भरलंय, त्यात चटणी फुकट जाते.

जागा कुठंय विचाराल तर, भाकरी गोल आहे आणि खोका चौकोनी. चार कोपरे रिकामे राहतात. प्रत्येक कोपऱ्यात साधारण साडेचार सेंटीमीटर जाडीची, खोक्याच्या उंचीएवढी नळी उभी राहील एवढी जागा आहे. १०० ग्रॅम चटणीचं लांबट पाऊच करा, गुंडाळी करून चार कोपऱ्यांत चार उभी लावा. भाकरी ८५०, चटणी ४००, खोका आणि बाकी पॅकिंग दीडशे, एकूण १,४००. दीड किलोच्या आत. वर त्या चार गुंडाळ्या भाकरीला चारी बाजूंनी धरून ठेवतात, हलू देत नाहीत.

तेलाची भीती बरोबर आहे तुमची. पाऊच सील करून परत एका पातळ झिपलॉकमध्ये, आणि भाकरीचं पुडकं वेगळं सीलबंद. एवढं केलं की लागत नाही.

लसूणतिखट

तेलाचं मी पण सांगते. शेंगा चटणी कुटताना तेल सुटतं तेव्हाच तिला चव येते, ते कमी करून चालणार नाही. पण सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४० च्या वर पारा, गोडाऊनमध्ये आणि गाडीत त्याहून जास्त, त्यामुळं पाकिटात तेल वर येतंच. सीलच्या पट्टीला आतनं चटणीचा भुगा किंवा तेल लागलेलं असलं की सील धरत नाही, वरनं नीट दिसतं आणि वाटेत सुटतं. भरताना कागदाचं नरसाळं वापरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा, मग सील, आणि अर्ध्या इंचावर दुसरं सील. कुटल्या कुटल्या गरम चटणी भरू नका, पूर्ण गार होऊ द्या.

उन्हाळ्यात शुक्रवार-शनिवारी माल काढत नाही मी. रविवारी कुरिअरच्या हबमध्ये (गोडाऊनमध्ये) पडून राहतो. सोमवार ते गुरुवार डिस्पॅच, गिऱ्हाइकाला आधीच सांगते, कुणी नाराज होत नाही.

हिशोबी

चर्चा चांगली चाललीय, मी पैशाच्या बाजूने बोलतो. कॅश ऑन डिलिव्हरी देताय का ताई? देत असाल तर तिथं खरी गळती असते आणि ती शिपिंगच्या बिलात एका जागी दिसत नाही म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

उदाहरण मांडतो. १०० ऑर्डरी सीओडीने गेल्या, २० जणांनी घेतल्या नाहीत. फोन लागला नाही, घरी नव्हतो, आता नको, काहीही कारण. जायचे ७० आणि परत यायचे ७०, वीस पार्सलांचे २,८०० रुपये. ते उरलेल्या ८० वर वाटले की प्रत्येक चांगल्या ऑर्डरवर ३५ रुपये बोजा. त्यात सीओडीचं शुल्क वेगळं. आणि कपडा परत आला तर परत विकता येतो, पंधरा दिवस उन्हात फिरून आलेली चटणी तुम्ही दुसऱ्याला देणार आहात का? नाहीच देणार. म्हणजे मालही गेला. खाद्यपदार्थाला सीओडी नकोच असं माझं स्पष्ट मत आहे.

यूपीआयने थेट पैसे घ्या, त्याला काही कापलं जात नाही. पेमेंट गेटवे लावला तर साधारण दोन टक्के जातात. नवीन गिऱ्हाईक पूर्ण पैसे आधी द्यायला बिचकत असेल तर निदान शिपिंगपुरते १०० रुपये आधी घ्या. शंभर रुपये भरलेला माणूस पार्सल नाकारत नाही.

अजून एक, विषय थोडा वेगळा पण महत्त्वाचा. महाराष्ट्राबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हैदराबाद-बेंगलोरच्या ऑर्डरी घेत असाल तर आधी सीएला विचारा. आणि कुरिअरवरचा १८ टक्के जीएसटी नोंदणी नसलेल्याला परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. लोक रेटकार्डवरचा ६० बघून भाव काढतात आणि हातात ७१ चं बिल येतं.

अक्कलकोटरोड

मी जरा वेगळं बोलतो. एवढी आकडेमोड गिऱ्हाइकाला दाखवायची गरजच काय? सगळं किमतीत धरा आणि फ्री डिलिव्हरी लिहा. १३० ची चटणी २०० ला लावा. लोकांना शिपिंग हा शब्दच नको असतो, मोठ्या अॅपनी सवय लावलीय तशी.

हिशोबी

अक्कलकोटरोड भाऊ, १३० ची चटणी २०० ला लावली तर जो चार पाकिटं घेतो तो चार वेळा शिपिंग भरतो. म्हणजे आपलं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक सगळ्यात जास्त लुटलं जातं, आणि त्याला ते कळतं. गावातला माणूस १३० ला नेतो आणि त्याचीच पुण्यातली बहीण इन्स्टावर २०० बघते, दोघं फोनवर बोलतात हो.

दुसरं असं की पुण्याचा रेट आणि गुवाहाटीचा रेट यात दुपटीहून जास्त फरक असू शकतो. सरासरी काढून एकच किंमत लावली तर पुणेकर गुवाहाटीवाल्याचं भाडं भरतो. तुमची बहुतेक ऑर्डर पुण्या-मुंबईची, मग त्यांनाच महाग का द्यायचं? मी म्हणेन महाराष्ट्राला एक दर, बाकी देशाला एक दर, ईशान्य भारत आणि काश्मीर विचारून. आणि अमुक रकमेच्या वर महाराष्ट्रात फ्री. ती रक्कम अशी काढा की मालातला नफा शिपिंगच्या निदान अडीच-तीन पट असेल. चटणीवर ४० टक्के सुटत असतील तर ८०० च्या ऑर्डरला ३२० सुटले, ११८ शिपिंग गेलं, २०० हातात राहिले. ४०० च्या ऑर्डरला तेच फ्री दिलं तर १६० तले ७१ गेले, ८९ राहिले, आणि दोघींची मजुरी अजून धरलीच नाही.

अक्कलकोटरोड

चार वेळा शिपिंगचा मुद्दा पटला. अर्धं किमतीत आणि अर्धं वेगळं असं तरी करा, नुसता ७१ चा आकडा बघून लोक पळतातच, हे मी रोज बघायलोय.

पुणेकर_मूळ_सोलापूर

मी गिऱ्हाईक आहे, धंदेवाला नाही, पण बोलू द्या. आम्ही हडपसरला राहतो, आमच्या सोसायटीत सोलापूर-पंढरपूर-बार्शीकडची कितीतरी घरं आहेत, सगळ्यांना चटणी हवी असते, प्रत्येकजण सुट्टीला गेला की पिशवी भरून आणतो. आम्ही एका ताईंकडनं मागवतो त्या काय करतात सांगतो. महिन्यातनं दोनदा ग्रुपवर यादी टाकतात, बुधवारपर्यंत ऑर्डर द्यायची, गुरुवारी रात्री सगळा माल एका मोठ्या खोक्यात ट्रॅव्हल्सच्या पार्सलला टाकतात, शुक्रवारी सकाळी इथं पोचतो. इथं त्यांची मावसबहीण उतरवून घेते. सोसायटीत एकाच घरी ठेवतात, आपलं नाव बघून आपण न्यायचं. माणशी दहा-पंधरा रुपयांच्या वर भाडं पडत नाही. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर, रात्रभर गाड्या असतात, त्याला अर्ध्या-अर्ध्या किलोचं कुरिअर कशाला?

मुंबईकडं ठाणे, डोंबिवलीला पण असं जमेल, माणूस तेवढा खात्रीचा पाहिजे.

पाचप्लाय

हे उत्तम आहे. फक्त ट्रॅव्हल्सला किंवा ट्रान्सपोर्टला टाकताना बिल्टी (माल टाकल्याची पावती) घ्या, खोक्यावर दोन बाजूंना नाव आणि मोबाईल जाड मार्करने लिहा, हमाली दोन्हीकडं किती ते आधी ठरवा. मोठा खोका पाच प्लायचाच (म्हणजे पुठ्ठ्याच्या पाच थरांचा), तीन प्लायचा डिकीत दबून चपटा होतो. एसटीची पार्सल सेवा पण आहे, तिचा दर पण एकदा विचारा. मावसबहिणीला मात्र पाकिटामागं काहीतरी द्या, फुकट कुणी फार दिवस करत नाही आणि नात्यात कटकट नको.

टपालकाका

पोस्टाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, नोकरी तिथंच झाली. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत. खाजगी कुरिअरचा पत्ता बसत नाही किंवा आडगाव म्हणून जादा आकार लावतात तिथं, म्हणजे आपल्याच सांगोला-करमाळ्याकडच्या वाड्यावस्त्या, कोकणातली गावं, तिथं स्पीड पोस्ट जातं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवलंय, त्यामुळं आधी रजिस्टरने पाठवणाऱ्यांनी नवा दर विचारून घ्यावा, जुना तक्ता धरून बसू नये. महिन्याला नियमित माल असेल तर हेड पोस्टात करार करून सवलत मिळते, बिझनेस पोस्टचं काउंटर विचारा. पिनकोड आणि मोबाईल नंबर नीट लिहा एवढं हात जोडून सांगतो, निम्मी पार्सलं त्यापायी अडतात.

लसूणतिखट

काका, आमच्या उमरग्याकडच्या सगळ्या ऑर्डरी पोस्टानेच जातात, कधी अडचण नाही.

अॅग्रिगेटर वापरणाऱ्यांना पण एक सूचना. शिपरॉकेटसारख्या अॅपवर पाच-सहा कंपन्यांचे दर एका जागी दिसतात, छोट्या माणसाला काउंटरपेक्षा स्वस्त पडतं. पण वजनाचा वाद तिथंच जास्त होतो. माझं एक ४८० ग्रॅमचं पार्सल एका कंपनीने किलोचं धरलं आणि वॉलेटमधनं पैसे कापून गेले. फोटो होते म्हणून परत मिळाले. आता प्रत्येक पार्सल लेबल लावून काट्यावर ठेवते, आकडा आणि लेबलचा नंबर एकाच फोटोत आला पाहिजे, मग टेप लावून तिन्ही बाजूंचा एकेक फोटो. वाद घालायला ठरावीक दिवसच देतात, म्हणून आठवड्यातनं दोनदा पॅनल उघडून बघायचंच. आणि ठरलेल्या दोनच मापांचे खोके ठेवा, मग माप कंपनीकडे आधीच नोंदवता येतं.

ज्वारीची_भाकर

इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, खरंच आभार सगळ्यांचे. जाऊबाई शेजारी बसून वहीत उतरवून घेतायत. ठरलंय ते असं : बाहेरगावी फक्त २०० ग्रॅमची पाकिटं, दोन किंवा चार. भाकरी-चटणीचा एकच कॉम्बो २४ च्या खोक्यात, तोच सगळ्यात वर टाकायचा. सीओडी बंद. महाराष्ट्रात ८०० वर फ्री, खाली असेल तर अक्कलकोटरोड भाऊ म्हणतात तसं थोडं आम्ही सोसणार आणि ४९ गिऱ्हाइकाकडनं घेणार. पुण्याला माझा दीर असतो वाकडला, त्याच्याशी बोलते खोक्याचं.

दोन प्रश्न राहिले. अमेरिकेतनं पण विचारणा येते, ते करावं का? आणि २४ x २४ x १२ चा खोका तयार मिळत नाहीये, नवी पेठेत विचारलं, सगळ्यांकडे ठरलेलीच मापं आहेत.

हिशोबी

अमेरिका सध्या नको. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी गेली, वर खाद्यपदार्थाला तिथल्या एफडीएला (अन्न-औषध खात्याला) आगाऊ सूचना भरावी लागते. इथलं बसू द्या आधी. ज्यांना हवंय त्यांना सांगा इथल्या नातेवाइकांच्या पत्त्यावर मागवा, येताना घेऊन जातील. आणि पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, वजन, पॅकिंग तारीख, एमआरपी आहे ना? नसेल तर नवीन पाऊच छापायच्या आधीच ते बसवून घ्या.

पाचप्लाय

खोक्यासाठी दुकानात नको, अक्कलकोट रोड एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके करणारे आहेत, त्यांना आतलं माप द्या. आतलं आणि बाहेरचं यात प्लायच्या जाडीचा फरक असतो आणि कुरिअरवाला बाहेरचं मोजतो, त्यामुळं आतलं २४ केलं तरी बाहेरनं साडेचोवीस धरा. २४.५ x २४.५ x १२.५ म्हणजे ७,५०३ भागिले ५०००, दीड किलोच्या एका केसाने वर जातंय! उंची आतनं साडेअकरा सांगा, मग बाहेरनं १२ होऊन १.४४ येईल, बसतंय. तीन प्लाय पुरे एवढ्या वजनाला. ठरावीक नगांच्या खाली ते करून देत नाहीत, एकटीला जड जाईल, लसूणतिखट ताई तुम्ही पण भाकरी सुरू करणार होतात ना, दोघी मिळून ऑर्डर द्या.

लसूणतिखट

हो, मला पण हेच माप चालेल. ज्वारीची_भाकर ताई, व्यनि (खाजगी निरोप) केलाय बघा. आधी नमुन्याचा एकच खोका करून मागू, त्यात भाकरी आणि चार पाऊच भरून काट्यावर ठेवू, मग बाकीचे सांगू.